तुझा बोटीचा देव

अगं, कावळा लगेच शिवला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, आम्ही सगळे हात जोडून मागं सरकलो, आणि कुणी काही बोलायच्या आत उंबरावरून एक कावळा सरळ खाली आला, भातात चोच घातली आणि घास घेऊन गेलासुद्धा. एरवी लोकांना किती ताटकळावं लागतं ते तू बघितलंयस. कुणी म्हणतं पोराला शिकवू, कुणी म्हणतं म्हातारीकडं बघू, एकेक वचन देत राहायचं, गेलेल्या माणसाच्या मनात राहिलेलं नेमकं सापडेपर्यंत. तुझ्या वेळी कुणाला तोंड उघडायला लागलं नाही. शेजारच्या तुळसाकाकू तर रडता रडता हसल्या. म्हणाल्या, "लई तृप्त बाई. कायबी मागं ठेवलं न्हाई तिनं."

मी मात्र तिथं तसाच उभा. खरं सांगतो, मला राग आला. कावळ्याचा आला आणि तुझाही आला. कारण मी माझं वाक्य घरापासून घोळवत नेलं होतं. कावळा अडला की पुढं व्हायचं आणि म्हणायचं, "बरं बाई, तू म्हणतीस तसं. जातो मी बोटीनं, एकटा जातो." हे ऐकल्यावर तो शिवणार याची मला खात्री होती. आणि त्यानं मला बोलूच दिलं नाही. म्हणजे मी काय समजू? मी जाणारच हे तुला ठाऊक होतं, की तुझ्या मनात राहिलेल्या गोष्टीत मी कुठं नव्हतोच?

हे मी मोठ्यानं म्हणत म्हणत लिहितोय. तुला अक्षर येत नव्हतं, नुसतं कागदावर ठेवून तुला काय कळणार? समोरचे टायरवाले अब्बासभाई मघापासून दोनदा डोकावून गेले. बिचाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारा बिघडला.

कापूरहोळला मोटार थांबली की आपल्या हॉटेलात हाका सुरू व्हायच्या. हॉटेल म्हणजे काय, चार बाकडी, एक भट्टी आणि तू. मावशी च्या, काकू पाणी, वैनी भजी हायत का गरम. भोरकडं जाणारे, साताऱ्याकडं जाणारे, सगळे तुला हाक मारायचे. आणि त्या सगळ्यांच्या वर माझी हाक. अगं, साखर कुठं ठेवलीस? साखर माझ्या डोळ्यांसमोर असायची. तू येऊन डबा माझ्या हाताला लावायचीस आणि परत भट्टीपाशी जायचीस. येणारा जाणारा कुठून आला, कुठं चालला, हे सगळं तुझ्या कानावर पडायचं. जगभरची माणसं आपल्या दारात चहा पिऊन पुढं जायची आणि तू तिथल्या तिथं.

आपण मूळचे इथले नव्हे, हे आता नव्या लोकांना सांगावं लागतं. भाटघरचं धरण भरलं तेव्हा आपलं गाव पाण्यात गेलं. घर जरा उंचावर होतं म्हणून ते मागनं बुडालं, शेत आधी. राहिलेली भांडी आणायला आपण होडीतून गेलो तो दिवस मला कधी विसरता आला नाही. ज्या वावरात मी औत धरलं त्याच्यावरून होडी चालली होती. मी उपरण्यात तोंड घालून रडत होतो. आणि तू? तू एक हात पाण्यात सोडून बसली होतीस. पाणी बोटांतनं जाऊ देत होतीस आणि समोर बघत होतीस. पुढं कितीतरी दिवसांनी मी विचारलं, तुला काही वाईट वाटलं नाही का गं? तू म्हणालीस, "वाटलं की. पर होडीत बरंबी वाटलं."

या तुझ्या बोलण्यावर मी किती दिवस धुसफुसत होतो. माणसाला वाईट तरी वाटावं नाहीतर बरं तरी वाटावं. दोन्ही एकदम कसं वाटेल? आता मला त्यातलं थोडं कळायला लागलंय, तर तू ऐकायला नाहीस.

आगबोटीचं खूळ त्यानंतर आलं, आणि तेही तुझ्या भावामुळं. तुझ्या माहेरचा, विंझरचा माणूस मुंबईला गेला आणि मोठा शहाणा झाला. त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला तू गेलीस ती पुण्यावरून, सगळे जातात तशी. येताना त्यानं तुला बोटीत बसवून दिलं. म्हणे बाणकोटाला उतरायचं, खाडीतनं महाड, मग वरंधा घाट चढला की भोर. सोपं आहे म्हणे. मी इकडं पुण्याकडून येणारी एकेक मोटार बघत बसलो आणि तू उतरलीस भोरच्या मोटारीतून, माझ्या पाठीमागं. तोंड उन्हानं रापलेलं, केस राठ झालेले, आणि डोळे असे की मी आधी घाबरलोच. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणालीस, आगबोटीनं आले. त्या दिवशी दूध उतू गेलं. तू त्याच्याकडं बघत राहिलीस आणि फडकं घ्यायलासुद्धा उठली नाहीस.

पुढच्या वर्षी संक्रांत झाली आणि एके दिवशी भांडी घासता घासता तू म्हणालीस, मी जरा बोटीला जाऊन येते. जणू काही आडावर जाऊन येतेस. मी विचारलं, कुणाकडं? कुणाकडं नाही. मग काय काम आहे? काम नाही. तिथं आपलं माणूस नाही, काम नाही, कुठला देव नाही, मग जायचं कशाला, असं मी चढ्या आवाजात म्हणालो. तू हातातलं पातेलं पालथं घातलंस आणि म्हणालीस, "म्हणूनच जायचं."

आपली चंपा तेव्हा वरव्याला सासरी गेलेली होती, घरात अडवणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि मी अडवून तू कुठं अडलीस कधी? गेलीस. महाडात उतरून, बोटीत बसून पार पणजीपर्यंत, आणि त्याच बोटीनं परत. कुठं उतरलीससुद्धा नाहीस. मी विचारलं, गोवा कसा आहे? तर म्हणालीस, लांबनं चांगला दिसतो.

इकडं मला लोकांना तोंड द्यावं लागलं. तरणीताठी नसली तरी बाई माणूस एकटी गेली कुठं? मी पहिल्याच दिवशी वैतागून सांगून टाकलं, देवाला गेलीय. कुठल्या देवाला? कोकणातल्या. एवढंच मी बोललो. त्यातनं पुढं काय रामायण झालं ते आठवलं की आत्तासुद्धा मला हसू येतं. तू परत आलीस त्या सकाळी तुळसाकाकू हजर. वाकून तुझ्या पायाला हात लावला आणि प्रसादासाठी पदर पसरला. तुझ्या पिशवीत वेंगुर्ल्याला घेतलेले काजू होते, तू आपले खायला आणलेले. तू माझ्याकडं बघितलंस. मी आढ्याकडं बघत होतो. मग तू गुपचूप मूठभर काजू त्यांच्या पदरात घातलेस आणि काकूंनी ते डोक्याला लावून खाल्ले.

पुढच्या साली निघताना दोन बायका नारळ घेऊन आल्या. बोटीच्या देवाला आमचाबी एक द्या म्हणाल्या. तू नाही कशी म्हणणार? घेतलेस. परत आल्यावर मी विचारलं, त्या नारळांचं काय केलंस गं? तू म्हणालीस, दर्यात सोडले, मग काय करू? झालं, त्यातल्या एकीची वांझोटी गाय गाभण राहिली आणि तुझ्या देवाचं नाव झालं. दरसाल नारळ वाढत गेले. शेवटी शेवटी तुझ्याकडं कपड्यांपेक्षा नारळ जास्त. अब्बासभाईंना खरं काय ते माहीत होतं, तरी त्यांनीही एकदा नारळ आणून दिला. म्हणाले, वैनी, माझाबी एक सोडा, काय बिघडतंय. तो तू सगळ्यात आधी सोडलास म्हणून मला सांगितलं होतंस.

कावळा लगेच का शिवला, याचंही उत्तर काकूंकडं तयार आहे. एवढी वर्षं देव केला, त्याचं फळ म्हणतात. तू केलेला देव कोणता ते मलाच कुठं कळलं होतं?

कळावं म्हणून तर मी मागं लागलो होतो. पहिली दोन-तीन वर्षं मी तुझी थट्टा केली. मग मी बघायला लागलो. बोटीवरून आलीस की काही दिवस तुझा आवाज निराळा असायचा. हळू बोलायचीस. भजी तळता तळता मध्येच हसायचीस. मला ते बघून बरं वाटायचं आणि वाईटही. एवढ्या वर्षांत माझ्यामुळं तू अशी हसलेली मला आठवेना. मग मी म्हणायला लागलो, मलाही ने. हॉटेल अब्बासभाई बघतील, आपण दोघं जाऊ. तू नाही म्हणालीस. मला वाटलं लाजतेस. दुसऱ्या साली परत विचारलं, परत नाही. तिसऱ्या साली मी हट्टालाच पेटलो तेव्हा तू हातातलं काम ठेवून माझ्यासमोर बसलीस आणि समजावून सांगितलंस, लहान पोराला सांगावं तसं.

"अवं, हितं दिवसभर माझ्या नावानं हाका. बोटीवर मी कोण ते कुणाला ठाव न्हाई. भूक लागली तर खायाचं, झोप आली तर निजायचं. का म्हणून कुणी इचारत न्हाई. तुमी आलात तर ते घरच झालं की."

मला ते लागलं. फार लागलं. तुझ्या लेखी घर म्हणजे मी, आणि मी म्हणजे हाका मारणारा. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. साखर स्वतः शोधली. तू ते बघून तोंड फिरवून हसत होतीस, मला दिसत होतं. मी एकदा विचारलं, त्या धरणाच्या पाण्यामुळं का गं? आपलं सगळं पाण्याखाली गेलं म्हणून तू पाण्यावर जाऊन बसतेस का? मला वाटलं मी मोठं ओळखलं. तू म्हणालीस, "न्हाई अवं. मला नुस्तं आवडतं."

एका वर्षी तू एवढं कबूल केलंस की मी महाडच्या बंदरापर्यंत पोचवायला यावं. त्या दिवसाचं मी तुला कधी नीट बोललो नाही. बाणकोटाला जाणारा मचवा निघाला, तू मधल्या फळीवर गाठोडं मांडीवर घेऊन बसलीस. मी काठावर उभा. सगळी माणसं मागं बघून हात करत होती, एक म्हातारी तर रडत होती. तू एकदासुद्धा वळली नाहीस. खाडीच्या वळणाआड मचवा जाईपर्यंत मी तुझी पाठ बघत होतो. घाट चढून येताना बैलगाडीत मी गाडीवानावर उगाच खेकसलो.

तू परत आल्यावर मी ते काढलंच. म्हणालो, मागं वळून तरी बघायचं होतंस, मी काय गुराखी होतो का तिथं उभा राहिलेला? तू भट्टीतलं लाकूड पुढं सारलंस. मग म्हणालीस, बघितलं असतं तर उतरले असते. हे तू मला बरं वाटावं म्हणून म्हणालीस की खरंच तसं होतं? मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण गिऱ्हाईक आलं, कुणीतरी चहा मागितला, आणि राहून गेलं. आपलं असं किती राहून गेलं असेल, गिऱ्हाईक आलं म्हणून.

आणखी एक तुला सांगायचं राहिलंय. तू बोटीवर असायचीस तेव्हा भजी मी तळायचो आणि लोक तोंडं वाकडी करून खायचे. ते तुला कुणी ना कुणी सांगितलंच असेल. पण रोज दुपारी भोरची मोटार यायची वेळ झाली की मी भट्टी सोडून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहायचो, हे सांगितलं का कुणी? तू अजून रत्नागिरीलासुद्धा पोचलेली नसायचीस. मला कळत होतं. तरी उभा राहायचो. मोटारीतून तू उतरलीस की मी लगबगीनं आत जाऊन काहीतरी हातात घ्यायचो, कामात असल्यासारखा. आणि मनातून इतका आनंद व्हायचा की काय सांगू. तुला परत यायचं कुणी बंधन घातलं होतं? भाऊ मुंबईत होता, लेक वरव्यात होती. दरसाल तू आपल्या पायानं परत आलीस. त्यासाठी तुझे उपकार मानायचे असतात हे मला तेव्हा सुचलं नाही. आता मानतो.

लढाई सुरू झाली आणि काही बोटी सरकारनं तिकडं नेल्या. उरल्या त्यांचा भरवसा राहिला नाही. चहात घालायला साखर मिळेना तिथं तुझ्या बोटीचं कोण बघतो? तू एकदाही कुरकुरली नाहीस. संक्रांत झाली की मात्र तू भोरकडून येणाऱ्याला विचारायचीस, महाडकडचं काय कळलं का. मला तुझी दया यायची, आणि खोटं का बोलू, थोडं बरंही वाटायचं. सबंध वर्ष तू माझ्याजवळ होतीस.

आणि लढाई संपून बोटी पुन्हा नीट सुरू झाल्या त्याच साली तुला पोटाचं दुखणं लागलं. भोरच्या डॉक्टरांनी हात टेकले. चंपा येऊन राहिली. तुला एक घास जाईना, पण कान शाबूत होते. बाहेर कुणीतरी मोटारवाला सांगत होता की बाणकोटाला बोट लागायला लागली. तू मला खुणेनं बोलावलंस. मी वाकलो तर म्हणालीस, "बोट सुरू झाली म्हणत्यात. तुमी जाऊन या."

मी म्हणालो, तू बरी हो, दोघं जाऊ. तू मान हलवलीस.

"दोघं न्हाई. तुमी एकटं जा."

अगं, बाई मरायला टेकली आणि तरी मला सोबत घेईना! मी काय ऐकून घेणार होतो? म्हणालो, मला नाही जायचं एकट्यानं, एकट्यानं जायला मला काय वेड लागलंय, आणि तू हे असलं अभद्र बोलू नकोस. मग मी भट्टी पेटवायचं निमित्त करून बाहेर आलो आणि धुरात उभा राहिलो. तू परत त्यावर बोलली नाहीस. कशावरच फारसं बोलली नाहीस. आपलं शेवटचं भांडण ते, आणि ते तसंच अर्धं पडलंय.

तू गेल्यावर घरात माणसं मावेनात. सगळे भले, सगळे माझ्या काळजीचे, आणि कुणी मला क्षणभर सोडेना. दादा, जेवलात का? मामा, पाणी घेता का? नुसता दाराशी बसलो तरी कुणीतरी शेजारी येऊन सुस्कारा टाकणार. चंपा म्हणे वरव्याला चला, हितं आता तुमचं काय हाय. जावईही भला माणूस, त्यानं माझं गाठोडंसुद्धा बांधायला काढलं. अब्बासभाईंच्या घरून रोज कालवण यायचं आणि मी किती खाल्लं ते वाटी परत नेताना बघितलं जायचं. दिवसभर माझ्या नावानं हाका. सुतक सरलं, तेरावं झालं, तरी हाका थांबेनात. एके दुपारी मी भांड्याला हात लावला तर चौघांनी मिळून विचारलं, काय पायजे, काय शोधताय? मला काही नको होतं. नुसतं भांडं उचलायचं होतं. तेव्हा मला तुझी आठवण आली.

मी चंपाला सांगितलं, मी बोटीला जाऊन येतो. ती रडायलाच लागली. तिला वाटलं बाप दर्यात उडी घेणार. तुळसाकाकूंनी तिला समजावलं. म्हणाल्या, बायकोचा देव हाय, त्यो आता नवऱ्यानं चालवायचा, जाऊ दे त्यास्नी. आणि मला दोन नारळ आणून दिले. मी निमूट घेतले.

बाणकोटाला बोट लांब उभी राहते, आणि छोट्या पडावातनं तिच्यापर्यंत जावं लागतं, हे तू कधी सांगितलं नव्हतंस. खलाशांनी मला बगलेत हात घालून वर ओढलं, पोतं ओढावं तसं. वर गेलो तर डेकवर पाय ठेवायला जागा नाही. ट्रंका, वळकट्या, एका डालग्यात कोंबड्या. सगळीकडं कोळशाचा वास. हे बघायला तू घाट उतरून यायचीस? मी एका कोपऱ्यात घोंगडी टाकली आणि बोट हलली तशी मला लागली. काय सांगू तुला, आतडी तोंडात आली. तू म्हणायचीस मला कधी बोट लागली नाही, आणि मी म्हणायचो त्यात काय मोठंसं. दुपारपर्यंत मी कठड्याला धरून तुझी मनोमन माफी मागत होतो.

मग ते थांबलं. बोटीवरचा चहा मागवला, आपल्या गिऱ्हाइकानं तोंडावर फेकला असता इतका पाणचट. तो दुसऱ्या कुणी केलेला होता आणि मला बसल्या जागी मिळाला. मी तो सगळा प्यालो. डावीकडं डोंगर सरकत होते, गावं येत होती, जात होती, कुठं उतरायचं नव्हतं. कुणी मला काही विचारलं नाही. केस अजून उगवले नव्हते म्हणून टोपी कानांवर ओढलेली, एवढंच काय ते माझं वेगळेपण, तेही कुणी बघत नव्हतं. किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मग एकदम ध्यानात आलं की इतका वेळ मी रडलो नव्हतो, तुझ्यावर रागावलोही नव्हतो. तुला विसरलो होतो असंही नाही. नुसता बसलो होतो. तूही अशीच बसत असशील. माझ्यावर रुसून नव्हे, मला टाकून नव्हे, नुसती. एवढ्यासाठी मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडलो.

काकूंचे नारळ दर्यात सोडले तेव्हा जवळच बसलेली एक बाई माझ्याकडं बघत होती. वेंगुर्ल्याला माहेरी निघालेली, आपल्या चंपापेक्षा थोडी मोठी असेल. तिनं मला आवळासुपारी दिली आणि म्हणाली, काका, खाली बघू नका, लांब बघा म्हणजे लागणार नाही. मग कुठले, काय, अशी बोलायला लागली. मी सांगितलं कापूरहोळचा, हॉटेल आहे.

"घरी कोण कोण असतं?" तिनं विचारलं.

अगं, कापूरहोळात हे मला कुणी विचारत नाही. तिथं सगळ्यांना माहीत आहे. विंझरपासून वरव्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. या बाईला माहीत नव्हतं. सबंध बोटीवर कुणालाच माहीत नव्हतं.

"बायको असते," मी म्हणालो.

"मग त्यांना नाही आणलंत?"

"ती न्हाई म्हणाली. म्हणाली, तुमी एकटं जा."

"शहाणी दिसतेय बाई," ती म्हणाली.

"लई," मी म्हणालो.

मग तिनं विचारलं आणि मी सांगत गेलो. तुझी भजी कशी असतात ते सांगितलं, तू कशी हसतेस ते सांगितलं, मला समोर ठेवलेली साखर कशी सापडत नाही तेही सांगितलं. ती पोटभर हसली. वेंगुर्ला येईपर्यंत तू घरी होतीस, हॉटेल बघत होतीस.